धुळाक्षरांपासून बालसखीपर्यंत

मराठीने अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलासाठी वर्णमालेतील एक अक्षरच राखून ठेवले आहे. ते अक्षर 'ढ'. पाटीवर ते काढणे फारसे अवघड नाही; पण एखाद्या मुलाच्या नावापुढे ते एकदा लागले, की पुसून काढणे फार अवघड जाते. लिपीच्या इतिहासाची थोडीबहुत गोडी असलेली मंडळी या शब्दाची एक गमतीदार उपपत्ती सांगतात. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी अक्षरे दोन हजारांहून अधिक वर्षे बदलत बदलत आजच्या देवनागरीपर्यंत येऊन पोचली. बहुतेकांची रूपे इतकी पालटली, की आज ती ओळखूही येत नाहीत. 'ढ' मात्र जवळजवळ होते तसेच राहिले. सारे जग पुढे गेले तरी जो जागचा हलत नाही, तो ढ. उपपत्ती खरी की रचलेली, हा वाद विद्वानांवर सोपवू. आम्हांस तीत दडलेले गृहीतक महत्त्वाचे वाटते. ते असे, की जे काही बदलावयाचे ते मुलाने. शिकविणाऱ्याने बदलण्याचा प्रश्नच नाही.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नाटके, गणेशोत्सव आणि मंडळाच्या इमारतीसाठी झालेला निधिसंकलनाचा खटाटोप यांवर लेख येणे स्वाभाविक आहे, आणि ते येतीलच. आम्ही मात्र येथे वाचता न येणाऱ्या मुलाचा इतिहास थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे. याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात शाळेतील हुशार मुलेही मराठीचे पान पुढे आले की अडखळतात, आणि आईवडील ओशाळून जातात. दुसरे कारण अधिक सुखद आहे. या इतिहासातील कित्येक महत्त्वाची पाने महाराष्ट्राच्या सीमेबाहेर लिहिली गेली आहेत. मद्रास, तंजावर, श्रीरामपूर, बडोदे, भावनगर ही गावे त्यांत येतात. आपल्यासारख्या दूरदेशी नांदणाऱ्यांना त्यांची ओळख असावयास हवी.

प्रारंभ पंतोजींच्या शाळेपासून करावा लागेल. एखाद्या वाड्याची ओसरी किंवा देवळाचा मंडप, समोर दहावीस मुले, प्रत्येकाच्या मांडीवर लाकडी पाटी आणि तीवर पसरलेली धूळ. बोटाने वा काडीने त्या धुळीत अक्षर काढावयाचे, मोठ्याने म्हणावयाचे, पाटी हलवून ते मोडावयाचे आणि पुन्हा काढावयाचे. यालाच धुळाक्षरे म्हणत. 'ओनामासिधं' म्हणजे 'ॐ नमः सिद्धम्' याचे बालमुखातून झालेले रूप. त्यानंतर मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे आणि सोबत पाढे. पुढे कारकुनीची मोडी. वाचन हा वेगळा विषय नव्हताच. हाताने जे लिहिले तेच डोळ्याने वाचले जाई. छापील पुस्तक नव्हते, इयत्ता नव्हती, वार्षिक परीक्षाही नव्हती. एका मुलाची बाराखडी सहा महिन्यांत होई, दुसऱ्याला दीड वर्ष लागे, आणि त्याबद्दल कोणी दप्तरात नोंद करीत नसे. मार मात्र होता, आणि तो भरपूर होता. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे विद्या आणि मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. पंतोजींच्या ओसरीवर हे दोन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदत. याहून मोठा दोष असा, की त्या ओसरीची पायरी मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना चढताच येत नसे. त्यामुळे त्या शाळेचे गोडवे गाणाऱ्यांनी ते जपून गावे.

तरीही त्या धुळीचा महिमा परदेशी प्रवाशांच्या नजरेतून सुटला नाही. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ साली कर्नाटकातील इक्केरी येथे होता. तेथे त्याने चार मुलांना जमिनीवर बारीक वाळू पसरून, बोटाने लिहीत आणि तालात म्हणत अंकगणिताचा पाठ घोकताना पाहिले. शेजारी शिक्षक नव्हता. ती मुले एकमेकांनाच शिकवीत होती. पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षांनी मद्रासच्या एग्मूर भागात याच दृश्याने युरोपच्या शिक्षणाला एक नवे वळण दिले. तेथे युरोपीय सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रमशाळा होती. १७८९ साली अँड्र्यू बेल हे स्कॉटिश धर्मोपदेशक तिची व्यवस्था पाहू लागले. अक्षरओळखीच्या वर्गातील मुले काही केल्या पुढे सरकेनात. बेल यांनी जवळच्या एका मलबारी शाळेत मुलांना वाळूत अक्षरे गिरविताना पाहिले आणि आपल्या शाळेत तसेच करण्यास सांगितले. वर्गावरील शिक्षकाने हे अशक्य असल्याचे सांगितले. बेल यांनी त्याच्याशी वाद घातला नाही. जॉन फ्रिस्कन नावाच्या जेमतेम आठ वर्षांच्या मुलाकडे तो वर्ग त्यांनी सोपविला. त्या पोराने तो वर्ग शिकवून दाखविला.

आमच्या मते या प्रसंगाचे महत्त्व वाळूत नाही. 'मुले शिकू शकत नाहीत' या शिक्षकाच्या निर्णयावर एका व्यवस्थापकाने विश्वास ठेवला नाही, यात ते आहे. बेल यांनी १७९७ साली लंडनमध्ये आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याच सुमारास जोसेफ लँकॅस्टर यांनीही लंडनमध्ये तशाच धर्तीची शाळा चालविली, आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकविण्याची ही रीत साऱ्या युरोपात पसरली. गंमत पुढेच आहे. मुंबईत १८२२ साली एल्फिन्स्टन यांच्या अध्यक्षतेखाली शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली, तेव्हा एतद्देशीय शाळांच्या सुधारणेसाठी तिने जी पद्धत सुचविली ती हीच. आपल्या ओसरीवरची धूळ विलायतेला जाऊन, साहेबाची टोपी घालून परत आली, आणि पंतोजींना ती नवी म्हणून शिकविण्यात आली.

आता छापील पुस्तकांकडे वळू. मराठीत वाचावयास शिकलेल्या मुलाच्या हाती द्यावे असे पुस्तक प्रथम कोठे छापले गेले, असे विचारल्यास बहुतेक लोक पुणे किंवा मुंबई म्हणतील. पण देवनागरीतील मराठी मुद्रणाची सुरुवात झाली ती बंगालमधील श्रीरामपूर येथे. तेथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले. नागपूरकडील वैजनाथ शर्मा हे पंडित त्यांच्या हाताशी होते. आणि याच सुमारास तिकडे तंजावरास, भोसले कुळातील सरफोजीराजांनी आपला देवनागरी छापखाना उभारला व इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने सख्खण पंडितांकडून करवून छापले. तमिळ मुलखात, कावेरीच्या काठी, मराठी मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक! मुंबईत बापू छत्रे यांची 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' ही पुस्तके १८२८ साली आली. म्हणजे तंजावरकर या कामी वीस वर्षे पुढे होते. स्वभाषकांपासून दूर राहणाऱ्या लोकांना मुलांच्या पुस्तकाची निकड आधी जाणवावी, हे आपल्या मंडळातील कोणालाही नवलाचे वाटणार नाही.

पुस्तक आले त्याच्या मागोमाग इयत्ता आली. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात १८५५ साली शिक्षणखाते स्थापन झाले. क्रमिक पुस्तके ठरली, एकेका वर्षाचा अभ्यास नेमला गेला, आणि वर्षाकाठी डेपोटी येऊन मुलांची परीक्षा घेऊ लागले. या व्यवस्थेमुळे शिक्षण गावोगाव पोचले, हे नाकारता येत नाही. परंतु मागे पडलेले मूल या नावाची वस्तू याच व्यवस्थेने निर्माण केली, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या रस्त्यावर मैलाचे दगडच नाहीत, त्यावर कोणी मागे आहे हे ठरणार कसे? एकदा दगड रोवले, की प्रत्येक दगडापाशी काही मुले बसून राहिलेली दिसू लागली. 'नापास' हा शब्द मराठी घरांत शिरला तो तेव्हापासून.

आणि जी मुले त्या रस्त्यावर यावयासच नकोत असे समाजाने ठरविले होते, त्यांचे काय? जोतीराव फुले यांनी पत्नी सावित्रीबाईंना स्वतः लिहावाचावयास शिकविले, आणि १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली. हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्यामानाने कमी ठाऊक आहे ते जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेले निवेदन. त्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी आहेच. पण मुलांना काय व कोणी शिकवावे याचाही विचार आहे. मोडी आणि बालबोध या दोन्हींचे लेखनवाचन, हिशेब, थोडा इतिहास व भूगोल, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार व्हावेत, म्हणजे ते मुलांत मोकळेपणाने मिसळतील, असे ते म्हणतात. शिकविणारा आणि शिकणारा यांच्यातील अंतर हेच मुलाच्या अडखळण्याचे एक कारण असते, ही गोष्ट आजच्या शिक्षणशास्त्रज्ञांनी प्रयोग करून मांडली. जोतीरावांना ती अनुभवाने ठाऊक होती.

सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग मात्र इंग्रजांनी केला नाही. तो एका मराठी राजाने गुजराती मुलखात केला. या राजाची स्वतःची कथाही आमच्या विषयाशी जुळणारी आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेला गोपाळ हा शेतकऱ्याच्या घरातील मुलगा. १८७५ साली तो बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला, तेव्हा त्याचे वय बारा होते आणि शालेय शिक्षण असे काही झालेलेच नव्हते. ज्या वयात इतर मुले चौथी-पाचवी ओलांडतात, त्या वयात त्याने अक्षरे गिरविण्यास प्रारंभ केला, तोही एकाच वेळी अनेक भाषांतून. आजच्या एखाद्या शाळेत वय आणि इयत्ता यांचा मेळ घालणाऱ्या बाईंनी या मुलाच्या नावापुढे काय शेरा लिहिला असता, याची कल्पना करून पाहावी.

सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०६ साली ते सर्व राज्यास लागू केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाती होता. तरीही पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. बडोद्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि तिची आठवण सक्तीच्या कायद्याइतकीच ठेवावी. शाळा सुटल्यावर वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेले वाचन विरून जाते. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना पाचारण करून महाराजांनी राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले, आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. आपल्या मंडळाच्या कपाटातील पुस्तके वर्षानुवर्षे कुलपात राहतात, त्या कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांनी या पेट्यांचे स्मरण करावे, एवढीच नम्र सूचना.

बडोद्याहून भावनगर फार दूर नाही. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. १९२३ साली तेथे एक मराठी बाई येऊन दाखल झाल्या. त्या ताराबाई मोडक. मुंबईच्या पदवीधर, आणि राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची प्रतिष्ठेची नोकरी सोडून आलेल्या. गिजुभाई आणि ताराबाई यांनी मादाम मॉन्टेसरींच्या पद्धतीला हिंदुस्थानी वळण दिले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ताराबाईंनी गुजरातीत लिहिले, गुजराती मुलांना शिकविले, गुजराती शिक्षकांना तयार केले. परप्रांती राहिलेल्या मराठी माणसाने तेथे काय द्यावे, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

मॉन्टेसरी पद्धतीच्या उगमाविषयी दोन शब्द लिहिणे येथे अवश्य आहे, कारण आज तिचे नाव महागड्या बालवर्गांशी जोडले गेले आहे. १९०० च्या सुमारास मारिया मॉन्टेसरी रोममध्ये वैद्यक शिकून काम करीत होत्या, ते मतिमंद म्हणून टाकून दिलेल्या मुलांमध्ये. इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांनी अशा मुलांसाठी योजिलेली साधने त्यांनी सुधारून वापरली. अक्षर नुसते डोळ्यांनी न पाहता त्यावरून बोट फिरवावयाचे, त्याचा आकार हाताला कळू द्यावयाचा आणि त्याच वेळी त्याचा उच्चार ऐकवावयाचा, ही त्यांची रीत होती. ती मुले लिहावाचावयास शिकून सार्वजनिक परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी मॉन्टेसरींचे कौतुक केले. त्यांना मात्र निराळाच प्रश्न पडला, की मग सामान्य शाळांतील धडधाकट मुले इतकी मागे का? १९०७ साली त्यांनी रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले, ते याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून फिरणारे ते बोट पाहिले, की आम्हांस आपली धूळपाटीच आठवते. रोमच्या बाईंनी ती पाहिली असेल असे नव्हे. पण मंद मुलासाठी जे उत्तम तेच सर्वांसाठी उत्तम ठरते, हा अनुभव या इतिहासात वारंवार येतो.

ताराबाई पुढे मुंबईस आल्या, दादरला शिशुविहार सुरू झाले. पण त्यांचे मन शहरी मुलांत फार काळ रमले नाही. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले होते आणि सहा महिन्यांत वैधव्य आले होते. शिकून त्या पुण्यात शिक्षिका झाल्या होत्या. या दोघींनी मॉन्टेसरींची महाग साधने बाजूला ठेवली आणि शिंपले, खडे, बिया, पाने यांतून नवी साधने केली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी निघाली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा हाच शब्द साऱ्या देशाने उचलला. आज आपण ज्या प्रांतात राहता तेथील सरकारी पाटीवर तो शब्द अवश्य पाहावा.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. येथे शाळेत न येणाऱ्या मुलांना आळशी किंवा ढ म्हणण्याऐवजी ती दिवसभर काय करतात याचा या बायांनी शोध घेतला. मुलगे गुरे राखीत. मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत. मग गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरविली, ती कुरणशाळा. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच छपराखाली आणले, म्हणजे कडेवरचे मूल घेऊन आलेल्या बहिणीला ते पाळण्यात ठेवून पाटी घेता यावी. ही विकासवाडी. एखाद्या मुलीला वाचता का येत नाही याचे उत्तर तिच्या मेंदूत नसून तिच्या कडेवर असू शकते, हे कळावयास शास्त्र लागत नाही. तिच्या पाड्यापर्यंत चालत जावे लागते.

येथवर शाळेत न पोचलेल्या मुलांविषयी झाले. शाळेत पोचून, चार वर्षे बाकावर बसून, तरीही वाचता न येणाऱ्या मुलांचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या तसतसा ठळक होत गेला. येथे क्षणभर आपल्या लिपीचाच विचार करावा. देवनागरी उच्चारानुसारी आहे, म्हणून ती सोपी, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण सहा वर्षांच्या मुलाच्या नजरेने पाहा. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि तिचा उच्चार मागाहून होतो. 'र' हे एकच अक्षर 'क्रम', 'अर्क', 'राष्ट्र' आणि 'वऱ्हाड' या चार शब्दांत चार निरनिराळे वेष घेऊन येते. घ आणि ध, भ आणि म यांच्यांतील फरक एका गाठीचा आहे. 'चहा' आणि 'चांगला' यांतील च लिहिताना एक, बोलताना दोन. मूल मुळाक्षरे आणि संपूर्ण बाराखडी पाठ म्हणून दाखवते, आणि समोर 'बदक' हा शब्द ठेवला की गप्प बसते, कारण पाठ झाले ते गाणे, अक्षर नव्हे. क-ख-ग या उच्चारस्थानांच्या क्रमाऐवजी ग-म-भ-न असा आकारांच्या सोयीचा क्रम मराठी शाळांनी स्वीकारला, तो या अडचणीवरचा एक शहाणा उपाय होता. पण अक्षरे, मग काने, मग वेलांट्या, असे सारे संपेपर्यंत अर्थपूर्ण वाचन हाती लागावयाचे नाही, ही अडचण उरलीच.

तिच्यावर फलटणमध्ये जे काम झाले त्याचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. डॉ. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. मराठीचा अभ्यास करावयास त्या फलटणला आल्या, तेथेच राहिल्या आणि १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या. शाळेने वाऱ्यावर सोडलेल्या दलित वस्तीतील मुलांना त्या वाचावयास शिकवू लागल्या. त्यातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि पुढे कमला निंबकर बालभवन उभे राहिले. थोडी अक्षरे आणि त्यांसोबत लगेच एकदोन स्वरचिन्हे शिकवावयाची, तेवढ्यांतूनच मुलाच्या ओळखीचे शब्द आणि वाक्ये करावयाची, मग पुढचा गट घ्यावयाचा, अशी ही रीत आहे. पहिल्या काही आठवड्यांतच मुलाला काहीतरी खरोखर वाचता येते. आजन्म 'तुला येत नाही' ऐकलेल्या मुलाला हे केवढे वाटत असेल!

वाचनदोषाचा एक भाग वैद्यकीयही आहे. काही मुलांची बुद्धी उत्तम असते, पण अक्षर आणि ध्वनी यांची सांगड त्यांच्या मेंदूत सहज बसत नाही. अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ साली घेतला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या दोषास देशभर मान्यता दिली. २००७ सालच्या 'तारे ज़मीन पर' या चित्रपटाने घरोघरी जेवढी समजूत निर्माण केली, तेवढी दहा परिपत्रकांनी झाली नसती, असे आम्हांस वाटते.

पण मागे राहिलेल्या मुलांत या दोषाने ग्रासलेली मुले थोडीच. उरलेल्या कितीतरी मुलांना कोणी नीट शिकविलेलेच नसते. १९९५ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने या मुलांचा विचार केला. तिची बालसखी योजना अगदी साधी होती. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरावीस मुले वर्गातून रोज दोन तास बाहेर घ्यावयाची आणि त्यांना त्याच वस्तीतील एका तरुणीच्या हवाली करावयाचे. ती शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेली असे. तिला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५०० ते ७५० रुपये मिळत. तिने इयत्तेचा अभ्यास पुढे रेटावयाचा नाही. मूल जेथे अडले आहे तेथूनच सुरुवात करावयाची. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदे येथे अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेची काटेकोर तपासणी केली, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना तिचा सर्वाधिक लाभ झाल्याचे आढळले. सयाजीरावांच्या बडोद्यातच हे घडावे, हा योगायोग आम्हांस सुखावून गेला. त्या अर्थशास्त्रज्ञांपैकी अभिजित विनायक बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जी यांच्या मातोश्री, अर्थशास्त्रज्ञ निर्मला बॅनर्जी, या माहेरच्या पाटणकर. बंगालात संसार केलेल्या मराठी घरातील मुलाला हा प्रश्न आपला वाटला, याची नोंद या स्मरणिकेत व्हावयासच हवी.

'प्रथम'ने २००५ पासून 'असर' या नावाने खेडोपाडी जाऊन मुलांच्या वाचनाची पाहणीही सुरू केली. तिची कसोटी एका कागदावर मावते: अक्षरे, शब्द, एक परिच्छेद, एक छोटी गोष्ट. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची ती गोष्ट वाचू शकणारी मुले ४२.८ टक्के निघाली. २०१८ मध्ये ती सुमारे निम्मी होती. मधल्या काळात महामारीने शाळा बंद पडल्या होत्या, हे खरे. पण निम्मी मुले तरी समाधानाची का मानावी?

आता आमच्या रविवारच्या वर्गाविषयी. येथे जमणारी मुले मराठी ऐकतात, बोलतात, पण वाचावयास शिकलेली असतात दुसऱ्याच भाषेत. त्यांच्या चुका निरखून पाहिल्या, तर प्रत्येक चुकीमागे एक पूर्वी शिकलेली लिपी उभी असते. बंगालीत शिकलेले मूल 'वाट' आणि 'बाट' यांत गोंधळते, कारण बंगालीत ब आणि व यांना एकच चिन्ह आहे. तमिळ शाळेतील मुलाला क, ख, ग, घ अशी चार अक्षरे कशाला हवीत हे कळत नाही. तमिळ त्या साऱ्यांचे काम एका अक्षरावर भागवते. गुजरातीत शिकलेले मूल बहुतेक अक्षरे ओळखते, पण शिरोरेषा विसरते. हिंदीतून आलेले मूल भराभर वाचते आणि 'बाळ'चे 'बाल' करून मोकळे होते. 'चांगला' वाचताना मात्र त्याची आजी हसते आणि ते रुसते.

त्यामुळे वर्गातील मुलांचे गट वयावरून न करता त्यांना आधी कोणती लिपी येते यावरून केले जातात. गेल्या जूनपासून अशी रीत आहे. तमिळ शाळेतील मुलांची सुरुवात 'ळ' पासून होते, कारण ते त्यांच्या भाषेत आहे आणि हिंदीवाल्यांना येत नाही. पहिल्याच दिवशी त्यांना वर्गातील हुशार मुलांना काहीतरी शिकविता येते. हिंदीवाली मुले त्यांना घ आणि ध यांची गाठ दाखवितात. एका कोपऱ्यात बशीत रवा पसरलेला असतो आणि धाकटी मुले त्यात बोटाने अक्षरे काढतात. रवा वर्ग संपल्यावर चाळून डब्यात जातो. त्या डब्यावर कोणीतरी खडूने 'खाण्यासाठी नाही' असे लिहून ठेवले आहे, आणि ते वाक्य वाचता येणे ही आमच्या वर्गाची पहिली परीक्षा समजली जाते.